वास्तू, कला आणि मूल्य : जुन्या गोव्यातील एका गिलाव्याच्या निमित्ताने

१. प्रश्न कोठे उद्भवतो

वास्तुकला ही ललित कला आहे की केवळ उपयुक्त कसब आहे, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत फार जुना झालेला आहे. परंतु आमच्या वाचकांपुढे तो ग्रंथांतून येत नाही. तो मंडळीच्या सभेतून येतो. शंभर वर्षांचे उपासनामंदिर गळू लागते, उपासकांची संख्या वाढते, परदेशी स्थायिक झालेला एखादा कुटुंबप्रमुख देणगी पाठवतो, आणि "जुने पाडून नवे बांधावे काय?" हा विषय सभेपुढे ठेवला जातो. एक पक्ष म्हणतो, ही इमारत पूर्वजांची ठेव आहे, हिला हात लावू नये. दुसरा म्हणतो, मंडळी म्हणजे माणसे. दगडविटांचा मोह हा मूर्तिपूजेचाच एक प्रकार होय. धर्मगुरू किंवा पाळक दोहोंच्या मध्ये उभा असतो, आणि अखेरीस निर्णय बहुधा कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकावरून होतो.

या दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि इमारतीचे मूल्य कशात असते याची स्पष्ट कल्पना मात्र दोहोंपैकी एकाकडेही नसते. पहिला पक्ष जुनेपणालाच मूल्य समजतो, तर दुसरा उपयोगालाच. सौंदर्याचा उल्लेख झालाच, तर पैसे उरल्यास करावयाची गोष्ट म्हणून शेवटी होतो. ही विभागणीच मुळात चुकीची आहे, असे आमचे प्रतिपादन आहे. ते केवळ तत्त्वचर्चेने सिद्ध करू गेल्यास वाचकांस कंटाळा येईल. म्हणून गोमंतकातील एका सुप्रसिद्ध वास्तूचे परीक्षण करून, तिच्या आधारे आम्ही आमचे मत मांडणार आहोत.

२. तत्त्वज्ञांची मते

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हियस याने उत्तम वास्तूचे तीन गुण सांगितले : टिकाऊपणा, सोय आणि सौंदर्य. दोन हजार वर्षे ही त्रयी शाळेतल्या पाढ्याप्रमाणे म्हटली गेली. तिच्यातील अडचण अशी की, तीन गुण सांगितल्याने त्यांचे परस्परांशी नाते काय हे कळत नाही. बाजारात तीन जिन्नस वेगवेगळे तोलून घ्यावेत तसे हे तीन गुण वेगवेगळे घेता येतात की काय?

वास्तुकलेस ललित कलांच्या पंक्तीत बसवण्यास ज्यांचा विरोध आहे, त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. कवितेला कोणी राहावयास जात नाही, चित्राने कोणाचे पावसापासून रक्षण होत नाही. कला स्वतःसाठी असते, इमारत मात्र दुसऱ्या कशासाठी तरी असते. शिवाय इमारत एकट्याची निर्मिती नसते. पैसा एकाचा, आराखडा दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे. मग तिला कलाकृती म्हणावे तरी कोणाची?

इमॅन्युएल कांट याने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या सौंदर्यविषयक ग्रंथात या प्रश्नाला एक महत्त्वाची कलाटणी दिली. त्याने स्वतंत्र सौंदर्य आणि आश्रित सौंदर्य असा भेद केला. फुलाचे सौंदर्य स्वतंत्र. ते पाहताना फूल कशासाठी आहे याचा विचार करावा लागत नाही. इमारतीचे सौंदर्य आश्रित. ती काय असावी या कल्पनेवर ते अवलंबून असते. त्याने दिलेले उदाहरण आमच्या वाचकांच्या परिचयाचे ठरेल : डोळ्यांना सुखावणाऱ्या कित्येक गोष्टी एखाद्या इमारतीत घालता आल्या असत्या, जर ती चर्च व्हावयाची नसती तर. येथे कांट उपयोगाला सौंदर्याची मर्यादा मानतो. आमच्या मते तो अर्ध्या वाटेवर थांबला. उपयोग ही सौंदर्याची केवळ मर्यादा नसून पुष्कळदा त्याची जननीही असते. ते कसे, हे पुढे येईल.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात जॉन रस्किन याने १८४९ सालच्या आपल्या ग्रंथात वेगळीच रेषा ओढली. निव्वळ बांधकाम निराळे आणि वास्तुकला निराळी. गरजेच्या पलीकडे जे जोडलेले असते तेवढ्याचाच वास्तुकलेशी संबंध, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. विसाव्या शतकात निकोलाउस पेव्हस्नर यानेही सायकली ठेवण्याच्या छपरास इमारत व लिंकनच्या कॅथीड्रलास वास्तुकला म्हणून असाच भेद केला. कारण असे की, रसिकास मोहित करण्याच्या हेतूने जी रचली गेली तीच त्याच्या मते वास्तुकला. दोघेही थोर अभ्यासक होते. परंतु त्यांच्या व्याख्यांचा व्यवहारातील परिणाम एकच होतो. सौंदर्य ही उपयोगाच्या वर चढवलेली वस्तू ठरते, आणि जे चढवले ते उतरवताही येते असे वाटू लागते. याच समजुतीने जुन्या गोव्यात काय केले ते आता पाहू.

३. बॉम जिझस बॅसिलिकेचा गिलावा

जुन्या गोव्यातील बॉम जिझस बॅसिलिकेची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या हस्ते तिचा अभिषेक झाला. ती येशूसंघाची वास्तू. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव तेथे असल्यामुळे ती जगभर ओळखली जाते. १९४६ साली तिला बॅसिलिकेचा मान मिळाला, आणि १९८६ साली गोव्यातील चर्चे व मठ यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला तेव्हा त्यांत तीही होती.

प्रथम तिच्या अंतर्भागाकडे पाहू. पुष्कळ जुन्या कॅथीड्रलांत मध्यदालनाच्या दोन्ही बाजूंस खांबांच्या रांगा व त्यांपलीकडे उपदालने असतात. येथे तसे नाही. एकच लांब, रुंद, मोकळे दालन, एका भिंतीस उंचावर बसवलेले कोरीव व्यासपीठ, आणि दालनाच्या टोकाशी सोनेरी वेदीपट. या रचनेचा उगम सौंदर्याच्या लहरीत नाही. ट्रेंटच्या परिषदेनंतर (१५४५ ते १५६३) कॅथलिक धर्मसभेत प्रवचनास व संस्कारांच्या स्पष्ट दर्शनास नवे महत्त्व आले. येशूसंघाने रोममधील आपल्या मुख्य मंदिरात आणि नंतर ठिकठिकाणी असे एकसंध दालन योजिले, जेणेकरून प्रत्येकास उपदेश ऐकू यावा आणि वेदी दिसावी. म्हणजे येथे उपयोगातूनच रूप जन्मले. आत शिरताच दृष्टी सरळ वेदीकडे ओढली जाते. त्या अनुभवास सौंदर्य म्हणावे की सोय? दोहोंपैकी एक शब्द वगळला तर अनुभवाचे वर्णन अपुरे राहते. कांटच्या अपुऱ्या विधानापुढचे पाऊल ते हेच.

आता बाह्यभाग. भिंती गोमंतकातील जांभ्या चिऱ्यांच्या आहेत. दर्शनी भागावरील अर्धस्तंभ, पट्टे आणि कोरीव काम काळसर कठीण दगडाचे आहे. हा दगड वसईहून आणला असे परंपरेने सांगितले जाते. ही निवड सहेतुक आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत कठीण होतो. तो स्वस्त, जवळचा व तोडण्यास सोपा. परंतु तो सच्छिद्र आहे आणि त्यावर नाजूक नक्षी टिकत नाही. म्हणून जेथे रेषा स्पष्ट हवी तेथे कठीण दगड आणि जेथे केवळ भिंत हवी तेथे जांभा. आणि जांभ्याच्या अंगावर चुन्याचा गिलावा. गोमंतकात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा प्रदेशात चुन्याचा लेप हा भिंतीचा दागिना नव्हे, ती तिची त्वचा होय. दर काही वर्षांनी चुना लावावयाचा, हे येथील प्रत्येक घरमालकास ठाऊक असलेले काम होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बॅसिलिकेच्या भिंतींवर असा गिलावा होता. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीतच, बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज जीर्णोद्धारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो काढून टाकण्यात आला. त्या काळी पोर्तुगालातही जुन्या इमारतींचे लेप खरवडून आतील दगड उघडा करण्याचा प्रघात सरकारी जीर्णोद्धारात होता. उघडा दगड म्हणजे प्राचीनत्व, प्राचीनत्व म्हणजे गांभीर्य, अशी त्यामागची धारणा. परिणामी आज प्रवासी जी तांबूस-तपकिरी बॅसिलिका पाहतात व जिचे चित्र घरी नेतात, ती साडेतीन शतके कोणीही पाहिलेली नव्हती. चिरे मात्र तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी पितात व झिजतात. अलीकडच्या वर्षांत बॅसिलिकेच्या व्यवस्थापनाकडूनच संरक्षक गिलावा पुन्हा देण्याची मागणी जाहीरपणे झाली आहे, आणि तिला विरोध करणारेही आहेत.

हा वाद केवळ दुरुस्तीचा नाही. आमच्या मूळ प्रश्नाची ही उत्तम कसोटी आहे. ज्यांनी गिलावा काढला त्यांनी तो सौंदर्यासाठीच काढला. उपयोगाचे आवरण दूर केले की आतील 'खरी' वास्तुकला प्रकट होईल, असे त्यांस वाटले. घडले काय? पहिली हानी टिकाऊपणाची, ती उघड आहे. दुसरी हानी खुद्द सौंदर्याची, ती तितकी उघड नाही. पांढऱ्या भिंतीवर काळसर अर्धस्तंभ व आडवे पट्टे ठसठशीत उठून दिसत असणार. तीन मजल्यांची ती चौकट आणि तिच्या माथ्यावरील त्रिकोणी भागात कोरलेली येशूच्या नावाची अक्षरे दुरूनही वाचता येत असणार. आज काळसर दगडाशेजारी तांबूस दगड आला आहे. दोन्ही रंग गडद असल्याने रचनाकाराने आखलेली रेषा त्यांत मंदावली आहे. वाक्यातील विरामचिन्हे पुसून टाकावीत तसे हे झाले. उपयोग व सौंदर्य यांची फारकत केल्याने दोन्ही गमावले.

उघड्या दगडाचे समर्थक म्हणतात की, दगड दाखवणे हे सत्य आणि तो झाकणे हे असत्य. हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण जांभ्याला तो लागू होत नाही. ज्या द्रव्याचा स्वभावच आवरण मागतो, त्याला आवरण देणे हेच त्या द्रव्याशी सत्याने वागणे होय. विशेष असे की, हीच चूक इंग्लंडात पूर्वीच ओळखली गेली होती. जुन्या चर्चांचे गिलावे खरवडणाऱ्या जीर्णोद्धारांविरुद्ध विल्यम मॉरिस याने १८७७ साली जी संस्था स्थापन केली, तिला लोक 'खरवडविरोधी' अशाच अर्थाच्या टोपणनावाने ओळखत. पाऊणशे वर्षांनी तीच चूक मांडवीच्या काठी, कित्येक पटींनी अधिक पावसात, पुन्हा करण्यात आली.

४. काळाने दिलेले मूल्य

येथे एक रास्त आक्षेप येतो. आज हयात असलेल्या बहुतेक भाविकांनी बॅसिलिका तांबूसच पाहिली आहे. त्यांच्या प्रार्थना, नवस, फेस्ताच्या आठवणी त्या रंगाशी निगडित आहेत. काळाने जे दिले त्याला मूल्य नाही काय?

आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. बॅसिलिकेसमोरच असलेल्या से कॅथीड्रलचे उदाहरण घ्या. त्याच्या दर्शनी भागास मुळात दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ साली कोसळला व पुन्हा उभारला गेला नाही. आज त्याची एकमनोरी मुद्राच त्याची ओळख झाली आहे, आणि दुसरा मनोरा नव्याने बांधावा असे कोणी म्हणू लागल्यास आम्ही विरोध करू. जवळच्याच टेकडीवर संत ऑगस्टीन यांच्या मठाचे अवशेष आहेत. धर्मसंघांवर १८३०च्या दशकात आलेल्या बंदीनंतर तो मठ ओस पडला, १८४२ साली छत कोसळले, आणि आता सुमारे ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. तेथे उपासना होत नाही, निवारा नाही. तरीही त्या मनोऱ्यापाशी उभा राहणारा मनुष्य गंभीर होतो. उपयोगाशिवाय वास्तुकला नाही असे म्हटले तर या अवशेषांचे काय?

उत्तर असे की, मूल्ये एकाहून अधिक असतात व त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. अवशेषांचे मूल्य साक्षीचे मूल्य आहे. तेथे काय होते आणि काय गेले हे ते सांगतात. जिवंत वास्तूचे मूल्य निवासाचे आहे. तेथे आजही काही घडते. से कॅथीड्रलचा पडलेला मनोरा ही घटना आहे, ती काळाने केली. बॅसिलिकेचा उतरवलेला गिलावा ही योजना आहे, ती माणसांनी एका मताच्या आहारी जाऊन केली. पहिलीचा स्वीकार करणे म्हणजे इतिहासापुढे नम्र होणे होय. दुसरीचा स्वीकार करणे नम्रता नव्हे, विशेषतः तिच्यामुळे वास्तू दरवर्षी झिजत असेल तेव्हा. आठवणींचा मान राखण्याचे मार्ग आहेत : छायाचित्रे, नोंदी, एखाद्या भागाचे जतन. झिजलेला चिरा परत आणण्याचा मार्ग मात्र नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. सूक्ष्म अभ्यास करून, मूळ द्रव्यांशी जुळणारा चुन्याचाच लेप बॅसिलिकेस परत मिळावा.

५. देवास घर हवे काय?

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या मनात याहून मूलगामी शंका असेल. देवाला हातांनी बांधलेल्या घरात राहण्याची गरज नाही, हे स्तेफनाने आपल्या अखेरच्या भाषणात सांगितले. शलमोनानेही मंदिराच्या समर्पणसमयीच, आकाशही ज्याला पुरत नाही त्याला हे घर काय पुरणार, असे कबूल केले. प्रभूने शमरोनी स्त्रीस डोंगर आणि यरुशलेम या दोहोंपलीकडील उपासना दाखवली. पेत्राने तर श्रद्धावंतांनाच जिवंत दगड म्हटले. मग वास्तुकलेच्या मूल्याची चर्चा तरी कशाला?

या वचनांतून निघते ते एवढेच की, वास्तू देवाची गरज भागवीत नाही. ती माणसाची गरज भागवते. आणि माणूस देहधारी आहे. निर्गमाच्या ३१व्या अध्यायात बसालेल या कारागिरास देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केल्याचे सांगितले आहे, ते सोने, रुपे, पितळ आणि लाकूड यांतील कामासाठी. आत्म्याचे दान संदेष्ट्यास मिळते तसे सुताराच्या हातांसही मिळते, हे शास्त्रवचन वास्तुकलेच्या वादात फारसे उद्धृत होत नाही. ते व्हावयास हवे.

धर्मसभेच्या इतिहासात या विषयावरील सर्वांत उद्बोधक विरोध बाराव्या शतकातील फ्रान्सात दिसतो. मठाधिपती सुजेर याने सँ-दनीच्या मठमंदिराचा पूर्वभाग नव्याने बांधून ११४४ साली त्याचे समर्पण केले. रंगीत काचांतून येणारा प्रकाश मनास पार्थिवातून अपार्थिवाकडे नेतो, ही त्याची धारणा. त्याच सुमारास क्लेर्व्हॉचे संत बर्नार्ड यांनी मठमंदिरांच्या अवाढव्य उंचीवर व चित्रविचित्र कोरीव कामावर कडक टीका केली. भिंती सोन्याने मढतात आणि गरीब उपाशी राहतात, हा त्यांचा रोष होता. सामान्य जनांच्या भक्तीस बाह्य साधनांचा आधार लागतो हे त्यांनी मान्य केले. त्यांचा आक्षेप मुख्यत्वे संन्यस्तांच्या मठांतील डामडौलास होता.

आता गंमत पाहा. बर्नार्ड यांच्या सिस्टर्शियन संघाने नक्षी वर्ज्य केली. परंतु फाँतने येथील त्यांचे मठमंदिर, ज्याचे समर्पण ११४७ साली झाले, आज युरोपातील अत्यंत सुंदर वास्तूंत गणले जाते. तेथे ना रंगीत काच, ना मूर्तिकाम. आहे ते केवळ दगडाचे प्रमाण, कमानींची लय आणि भिंतीवर सरकणारा प्रकाश. गरजेच्या पलीकडे जोडलेले तेवढेच वास्तुकला, या रस्किनच्या व्याख्येचे खंडन फाँतनेइतके दुसरे कोणी करू शकणार नाही. जोडलेले सर्व काढून टाकल्यावरही तेथे कला उरली, कारण ती मुळातच जोडलेली नव्हती. आणि बॅसिलिकेच्या बाबतीत हेच उलट बाजूने खरे ठरते : तेथे काढून टाकले ते जोडलेले नव्हतेच.

६. बांधणाऱ्यांचा न्याय

इमारतीच्या मूल्यात आणखी एक पद येते, जे कलासमीक्षक बहुधा टाळतात : ती कोणाच्या श्रमांवर व कोणाच्या जागेवर उभी राहिली? आम्ही ते टाळू शकत नाही. गोमंतकात १५४० नंतरच्या दशकांत प्रथम तिसवाडीत व पुढे बारदेश आणि साष्टी येथे पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली. कित्येक ठिकाणी त्यांच्याच जागी चर्चे उभी राहिली. कुठ्ठाळीचा मंगेश व केळशीची शांतादुर्गा भक्तांनी नदीपलीकडे अंत्रूज महालात नेली. हा इतिहास सांगितल्यावाचून गोव्यातील चर्चांच्या सौंदर्याचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आणि तरीही पुढे काय झाले पाहा : अठराव्या शतकात त्याच अंत्रुजात उभ्या राहिलेल्या देवळांनी चर्चवास्तूतील घुमट, अर्धस्तंभ व गोल कमानीच्या खिडक्या निःसंकोचपणे स्वीकारल्या, आणि त्यांत आपली दीपमाळ व सभामंडप मिसळून एक स्वतंत्र शैली निर्माण केली. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीही रूपाशी वैर धरले नाही. वास्तूचे रूप कोणा एका धर्माची मिरास नसते, याचे याहून उदार प्रमाण आम्हांस ठाऊक नाही. परंतु त्यांच्या औदार्याने अन्याय पुसला जात नाही. वास्तूचे सौंदर्य आणि वास्तूचा न्याय ही दोन निराळी मूल्ये आहेत. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

हाच नियम उलट दिशेनेही लावला पाहिजे. हैदराबादकडील वाचकांस मेदकचे कॅथीड्रल परिचित आहे. वेस्लियन मिशनरी चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांच्या पुढाकाराने १९१४ साली त्याचे काम सुरू झाले व २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे समर्पण झाले. दुष्काळात सापडलेल्या कुटुंबांस भिक्षा न देता या कामावर मजुरी देण्यात आली, ही त्याची सर्वत्र सांगितली जाणारी कथा. सुमारे २०० फूट लांब, १०० फूट रुंद आणि १७३ फूट उंच मनोऱ्याची ही वास्तू न्यायाच्या कसोटीवर आदरास पात्र आहे. परंतु पुण्यकर्मातून उभी राहिली म्हणून ती कलादृष्ट्या निर्दोष ठरत नाही. तिचे रूप इंग्लंडातील गॉथिकचे आहे. दख्खनच्या पठारावर ते पाहुण्यासारखे उभे आहे. स्थानिक दगड आणि स्थानिक हात तेथे आहेत, मात्र येथल्या उन्हाची, येथल्या अंगणाची जाण आराखड्यात थोडीच उतरली आहे. त्या वास्तूवर प्रेम करणाऱ्यांस हे कटू वाटेल; पण प्रेम व परीक्षण यांचा एकमेकांस अडथळा होऊ नये.

न्याय, उपयोग व सौंदर्य एकत्र नांदल्याचे उदाहरण हवे असल्यास लॉरी बेकर यांच्याकडे पाहावे. क्वेकर पंथाचा हा इंग्रज वास्तुविशारद १९४५ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेतील मिशनच्या कामासाठी भारतात आला, येथेच राहिला, भारताचा नागरिक झाला व २००७ साली तिरुवनंतपुरम येथे वारला. भिंतीत विटा उभ्या रचून मध्ये पोकळी सोडण्याची पद्धत त्याने सर्वत्र वापरली. तिने विटा वाचतात, खर्च कमी होतो आणि आत गारवा राहतो. विटांच्या जाळीतून त्याने वारा व प्रकाश घेतला. गरिबाच्या घरास जे दिले तेच तिरुवनंतपुरमच्या लोयोला चॅपेलासही दिले. त्याच्या भिंतींवर विटा उघड्या आहेत, आणि त्या शोभतातही. कारण चांगली भाजलेली वीट उघडी राहू शकते. बॅसिलिकेचा जांभा झाकावा आणि बेकरची वीट उघडी ठेवावी, यात विसंगती नाही. दोन्हीकडे तत्त्व एकच : द्रव्याचा स्वभाव, स्थळाचे हवामान आणि वास्तूचे प्रयोजन यांच्याशी इमान.

७. निष्कर्ष

तेव्हा वास्तुकला ही कला आहे काय? होय, परंतु ती उपयोगाच्या वर चढवलेली कला नसून उपयोगालाच अर्थपूर्ण रूप देणारी कला आहे. काव्य शब्दांत घडते तशी ती माणसांच्या वावरात घडते. म्हणूनच तिच्यावर अनेकांचा हात असणे हा तिचा दोष नव्हे. उपासनेच्या विधीप्रमाणे तीही पिढ्यांनी मिळून करावयाची गोष्ट आहे. दर काही वर्षांनी भिंतीस चुना लावणारा मजूरही तिच्या कर्त्यांपैकी एक आहे.

यावरून मंडळीच्या सभांसाठी चार प्रश्न निघतात. पहिला : ही वास्तू ज्या उपासनेसाठी बांधली ती उपासना येथे नीट होते काय, नसल्यास दोष वास्तूचा की आमच्या मांडणीचा? दुसरा : जे काढावयाचे किंवा घालावयाचे आहे, ते वास्तूच्या अंगाचे आहे की वरवरचे? जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा लेप देणारे पुष्कळदा तिला बळकट करीत आहोत असे समजतात. प्रत्यक्षात आतील ओल कोंडली जाते व भिंत आतून कुजते. तिसरा : या जागेने कोणाच्या आठवणी सांभाळल्या आहेत, आणि त्यांना विचारले आहे काय? चौथा : नव्या बांधकामाचा भार कोणावर पडणार, आणि त्यात मजुराला त्याची पूर्ण मजुरी मिळणार काय?

या प्रश्नांची उत्तरे कधी जुने राखण्याकडे नेतील, तर कधी नवे बांधण्याकडे. जुने पाडणे हे नेहमीच पाप नव्हे. पण आपण काय पाडीत आहोत हे न कळता पाडणे ही हयगय होय, आणि ज्यांच्या स्वाधीन पूर्वजांनी श्रम, द्रव्य व प्रार्थना केल्या त्यांना ती शोभत नाही. जेथे अंदाजपत्रकाच्या आधी हे चार प्रश्न सभेपुढे येतील, तेथे निर्णय कोणताही झाला तरी तो कंत्राटदाराचा राहणार नाही. तो मंडळीचा होईल.